सतरा फुलांची साक्ष

भूमध्य समुद्रातल्या एका लहानशा बेटावर थेक्ला नावाची बाई शेळ्या राखायची. गावाच्या मागे चुनखडीची टेकडी होती. गेली चाळीस वर्षे ती त्याच टेकडीवर शेळ्या नेत होती. वसंत ऋतूत तिथे दगडांच्या फटींतून रानटी ऑर्किडची फुले उमलत. प्रत्येक फूल हुबेहूब मधमाशीसारखे दिसे. तपकिरी, केसाळ, मधोमध निळसर चमक. लोकांना ती सगळी फुले एकसारखी वाटत. थेक्लाला मात्र तसे वाटत नसे.

एका वर्षी राजाने नवे बंदर बांधायला काढले आणि दगडासाठी ही टेकडी फोडायचे ठरवले. गावाचा एकुलता एक झरा टेकडीच्या पोटातून येत होता. टेकडी गेली की झरा जाणार आणि झऱ्यामागे गावही उठणार. गावचा प्रमुख स्ताव्रो राजाकडे गेला. विहीर खणून देतो, असे म्हणून राजाने त्याला वाटेला लावले असते. पण बेटावर एक जुना कायदा होता. जी वनस्पती दुसरीकडे कुठेच उगवत नाही, तिची जागा फोडायची नाही. स्ताव्रोने त्याचाच आधार घेतला आणि आमच्या टेकडीवरचे ऑर्किड असेच आहे, असे ठासून सांगितले. राजाने चौकशीसाठी आठ दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्याच दिवशी दरबारातले वनस्पतींचे पंडित लिआंद्रोस टेकडीवर आले. चार फुले पाहून त्यांनी सांगून टाकले की, हे फूल बेटावरच्या निम्म्या टेकड्यांवर आहे. ते परत गेल्यावर स्ताव्रो थेक्लाकडे आला. टेकडीवरचे प्रत्येक फूल दुर्मीळ आहे, असे तिने राजाला सांगावे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

थेक्ला म्हणाली, "यातली बहुतेक फुले साधीच आहेत. पंडितांचे त्याबाबत चुकलेले नाही."

स्ताव्रो रागाने निघून गेला. झऱ्यावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. थेक्लाला फार वाईट वाटले. तिच्या शेळ्याही त्याच झऱ्याचे पाणी पीत होत्या.

पण तिच्या मनात एक जुनी शंका होती. ऑलिव्हच्या झाडाखालच्या खोलगट जागेत काही फुलांच्या कडेला बारीक पिवळी रेघ होती. ही जातच वेगळी, की नुसता मातीचा फरक? ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहिली. साध्या फुलांवर मोठी काळी रानमाशी येई आणि फुलालाच आपली जोडीदार समजून बिलगे. पिवळ्या रेघेच्या फुलांकडे ती ढुंकूनही पाहत नसे. तीन दिवस त्या फुलांवर कोणीच आले नाही. चौथ्या दिवशी एक लहान तांबूस माशी आली. वाटेतली साधी फुले सोडून ती नेमकी पिवळ्या रेघेच्या फुलावर बसली. दुसऱ्या दिवशीही तसेच घडले. माशी एकदाही चुकली नाही, म्हणजे ही जातच वेगळी होती. थेक्लाने टेकडी पालथी घातली. अशी सतराच फुले भरली.

आठव्या दिवशी राजा आला. सगळा गाव जमला होता. थेक्लाने शांतपणे सांगितले की, टेकडीवरची शेकडो फुले साधी आहेत, फक्त सतरा वेगळी आहेत. गर्दीत कुजबुज सुरू झाली. स्ताव्रोने मान खाली घातली.

राजाने विचारले, "ही सतरा दुसरीकडे कुठेच नाहीत, हे नक्की?"

"ते मला माहीत नाही, महाराज," थेक्ला म्हणाली. "मी दुसऱ्या टेकड्या पाहिलेल्या नाहीत. पंडितजींनी पाहिल्या आहेत. त्यांना विचारा."

लिआंद्रोस त्या फुलांपाशी गुडघे टेकून बसले. तेवढ्यात तांबूस माशी आली. ती कुठे बसली, ते त्यांनी पाहिले, राजानेही पाहिले. मग लिआंद्रोस यांनी पेटीतून आपली चित्रे काढली. बेटावरच्या प्रत्येक टेकडीवरचे ऑर्किड त्यांनी वीस वर्षांत रंगवले होते. एकेक चित्र फुलाशेजारी धरून त्यांनी पाहिले. बराच वेळ गेला. अखेर ते उठले.

"माझ्याकडे हे फूल नाही," ते म्हणाले. "मी घाईने बोललो, महाराज."

राजा थेक्लाकडे वळला. "गावासाठी तुला सगळीच फुले दुर्मीळ म्हणता आली असती. का म्हटले नाहीस?"

"शेकडो फुलांबद्दल खोटे बोलले असते, तर या सतरांबद्दलचे खरे तुम्ही मानले असते का?"

राजाने बंदराचा दगड पलीकडच्या ओसाड टेकडीवरून आणायचा हुकूम दिला. ती टेकडी लांब होती आणि कामाला वर्षभर जास्त लागले. पण गाव राहिले. लिआंद्रोस यांनी त्या नव्या फुलाचे चित्र काढले आणि खाली लिहिले, 'प्रथम ओळखणारी: थेक्ला, शेळ्या राखणारी.'

तात्पर्य: जे साधे आहे त्याला साधे आणि जे ठाऊक नाही त्याला ठाऊक नाही म्हणणाऱ्या माणसाचाच शब्द खरी वेळ आली की मानला जातो.