तोकडा नाडा

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता मनात एक विहीर आणा. काळ्या दगडांनी बांधलेली, पायऱ्या नसलेली, आणि इतकी खोल की काठावरून डोकावलं तर खाली आपलंच तोंड बोराएवढं दिसावं. काठाला मोटेचे दोन लाकडी खांब आहेत. जवळच एक दगडी हौद आहे, पण कोरडा ठणठणीत. चिंचेच्या सावलीत माणसं बसली आहेत आणि सगळ्यांचे डोळे त्या कोरड्या हौदाकडे लागले आहेत. दिसलं ना सारं? मग आता डोळे उघडा, म्हणजे पुढचं सांगतो.

ही विहीर खैरगव्हाण गावाबाहेर, ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनाघराच्या अंगणात होती. त्या दिवसांत अमृतबाबांचा तिथे मुक्काम होता. बाबा गावोगाव पायी फिरत आणि येशूची सुवार्ता सांगत. खांद्याच्या झोळीत पवित्र शास्त्र आणि चिपळ्यांची एक जोडी, एवढाच त्यांचा संसार. लोक त्यांना संत म्हणत, तेव्हा बाबा मोठ्यानं हसत. म्हणत, “अरे, प्रभूनं ज्याला धुतलं तो प्रत्येक जण संतच. मग माझ्या एकट्याचं काय एवढं कौतुक?”

त्या रविवारी धुरपदाबाईंचा बाप्तिस्मा व्हायचा होता. या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नसत. ज्याला समज आली, ज्यानं स्वतः येशूवर विश्वास ठेवला, त्यानं सर्वांसमोर उभं राहून आपल्या तोंडानं तसं सांगायचं आणि मग अंगावरच्या कपड्यांनिशी पूर्ण पाण्याखाली जायचं. पाण्याखाली गेला तो जुना माणूस, जणू पुरलाच. वर आला तो नवा. बाबा मात्र दर वेळी बजावून सांगत, “पाण्यानं कोणी तरत नाही रे. तारतो तो येशू. पाणी ही आपण त्याचे झालो याची साक्ष.”

धुरपदाबाई दोर वळायच्या. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, घ्यायचा, पेड काढायचे, पीळ द्यायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. लिहिणं-वाचणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची नात हौसा, दोघीच. हौसा म्हणजे एक भिंगरीच! आज्जीनं पीळ द्यायचा आणि हौसानं दुसरं टोक धरून अंगणभर पळायचं. अंगण संपलं तरी तिचं पळणं थांबत नसे.

आता हौद कोरडा का होता, ते ऐका. मोटेचा नाडा, म्हणजे मोट विहिरीतून ओढायचा तो जाड दोर, जुना होऊन तुटला होता. बाप्तिस्म्यासाठी हौद तर भरायला हवा. धुरपदाबाई म्हणाल्या, “नवा नाडा माझ्याकडनं. प्रभूच्या घरी एवढंच देनं जमंल मला.” घरातला होता नव्हता तेवढा वाख त्यांनी वळला. तो संपला, तेव्हा हौसानं माळावरच्या तारेला अडकलेले दोन-चार धागेसुद्धा वेचून आणले. नाडा झाला मजबूत, पण हवा तेवढा लांब काही होईना.

आणि आता मंडळीचे वडील एलियाजरराव यांना भेटा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या जाणत्या माणसाला तिथे ‘वडील’ म्हणत. प्रार्थनाघराच्या भिंतीवर मंडळीची विश्वासवचनं रंगवलेली होती: पवित्र शास्त्र हे देवाचं वचन आहे. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सगळ्या माणसांनी पाप केलं. येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. तारण कृपेनं मिळतं, आपल्या कमाईनं नाही. येशू पुन्हा येणार आहे. एलियाजररावांना हे सारं भिंतीकडे पाठ करून, एका श्वासात म्हणता येई. म्हणून झालं की ते शाल सावरत आणि इकडे तिकडे पाहत. कोणी पाहिलं की नाही, तेवढं फक्त पाहत!

त्या सकाळी धुरपदाबाई चिंचेखाली उभ्या राहिल्या आणि वडिलांनी विचारायला सुरुवात केली.

“देव किती?”

“येकच.”

“त्रैक्य म्हणजे काय, सविस्तर सांगा.”

धुरपदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते… तिघं हायेत आन् येकच हाय. कसं ते मला न्हाई सांगता येत, वडील. पर मी तिघांशीबी बोलते.”

मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. वडिलांच्या कपाळावर आठी चढली.

“असू द्या. मनुष्याचं तारण कशानं होतं? भिंतीवर लिहिलंय तसं सांगा.”

“म्या बुडत व्हते,” धुरपदाबाई हळूच म्हणाल्या. “त्यानं वढलं.”

“आणि?”

“आन् काय? त्यानं वढलं. म्या वर आले.”

“हे काही उत्तर नाही!” वडील कडाडले. “तुम्ही काय केलंत ते सांगा, वचन सांगा, अर्थ सांगा. बाई, बाप्तिस्मा म्हणजे अंघोळ नव्हे!”

आता मात्र सगळेच हसले. हौसा तेवढी हसली नाही. आज्जीच्या मागे उभं राहून ती वडिलांकडे डोळे वटारून पाहत होती.

अमृतबाबा म्हणाले, “एलियाजरराव, मला तर ते उत्तर बरं वाटलं.”

“बाबा, तुम्ही फार कोवळे आहात. हा नाडाच बघा ना, जसं ज्ञान तसा दोर!” असं म्हणून वडिलांनी नाड्याचं एक टोक खांबाला पक्कं बांधलं आणि फास असलेलं दुसरं टोक विहिरीत सोडलं. “या, सगळे या! पाण्याला टेकतो का बघा!”

सगळी मंडळी काठाशी जमली. खरंच, नाडा मध्येच लोंबकळत होता. त्याच्या खाली दीड पुरुष, म्हणजे दीड माणसाच्या उंचीएवढं, अंतर, आणि मग पाणी. एक जण म्हणाला, “पुरत न्हाई बुवा.” दुसरा म्हणाला, “आज काय हौद भरत नसतो.”

वडिलांनी नाडा वर ओढला आणि ते टोक धुरपदाबाईंच्या पायाशी टाकलं. “तोकडा! दोरही तोकडा आणि ज्ञानही तोकडं. आजचा बाप्तिस्मा होणार नाही. घरी जा, वचनं पाठ करा, वाख आणा आणि मग या.”

धुरपदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवस त्या या एका सकाळची वाट पाहत होत्या. पायाशी पडलेला फास तेवढा त्यांनी उचलून धूळ झटकली.

आणि तेवढ्यात! वडील शाल सावरत मागे सरकले, त्यांची टाच काठावरच्या एका निसटत्या दगडावर पडली, दगड गडगडला आणि एलियाजरराव दिसेनासे झाले!

धबाक्!

“वडील पडले! आवं, वडील पडले!”

सगळे काठाकडे धावले. खाली पाणी नुसतं उसळत होतं. मग वडिलांचं डोकं वर आलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर आलं. त्यांना पोहता येत नव्हतं. भिंतीच्या शेवाळावर हात मारत होते, पण बोटं निसटत होती. एका गड्यानं उडी टाकायला सदरा काढला, तर काठाचे सुटलेले आणखी दोन चिरे धाडकन खाली कोसळले, वडिलांच्या अगदी कानाशेजारी. “थांब रे! तू उडी मारशील आन् दगडं त्यांच्या डोक्यात पडतील!” कोणी फेटे सोडू लागले, त्यांच्या गाठी मारू लागले. पण घाईत गाठ कुठली नीट बसते? गाव तर मैलभर दूर. वडील पुन्हा पाण्याखाली गेले.

अमृतबाबा गुडघ्यावर आले. त्यांची प्रार्थना फार मोठी नव्हती. “प्रभू येशू, तुझं लेकरू आहे,” एवढंच ते म्हणाले. आणि वळून म्हणाले, “धुरपदाबाई, नाडा सोड.”

“आवं बाबा, पर पुरत न्हाई ना! आत्ताच समद्यांनी पाहिलं.”

“तुला पुरवायला कोणी सांगितलं? तू फक्त सोड.”

बाळांनो, त्या क्षणी धुरपदाबाईंना काय आठवलं असेल? हसणारी माणसं? ‘तोकडा’ हा शब्द? तसं काही असेलही. पण त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी फास विहिरीत सोडला आणि नाडा सरसर सरसर खाली जाऊ लागला.

खालून वडील ओरडले, “नाही पुरणार! मी… मी बघितलंय… दीड पुरुष…” आणि त्यांच्या तोंडात पाणी गेलं.

हौसा काठावर पालथी पडून जीव तोडून ओरडली, “वडील, भाषन मागून करा! आधी फासात हात घाला!”

वडिलांनी वर पाहिलं. फास त्यांच्या नाकासमोर पाण्यात डुलत होता!

त्यांनी एक हात घातला. मग दुसरा घातला. काखेत फास बसला. वर चार गड्यांनी नाडा धरला, पाचवे बाबा, आणि सर्वांच्या पुढे धुरपदाबाई. “वढा रं! वढा! येसूचं नाव घ्या आन् वढा!” नाडा ताणला गेला, खांब करकरला, हाताची सालं निघाली, पण एकही पेड तुटला नाही. आधी वडिलांचं डोकं दिसलं, मग चिखलानं माखलेली शाल, आणि मग अख्खे वडील काठावर पालथे पडले. “हालेलूया!” असा गजर उठला की चिंचेवरच्या साऱ्या साळुंक्या उडाल्या!

बराच वेळ वडील नुसते खोकत होते. अमृतबाबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि मृदू आवाजात विचारलं, “एलियाजरराव, वर कसे आलात हो?”

वडिलांनी तोंड उघडलं. सवयीप्रमाणे मोठं काही सांगायला निघाले असतील. पण शब्द आले ते एवढेच.

“मी बुडत होतो, बाबा. मला ओढलं.”

“आणि?”

“आणि काय? ओढलं. मी वर आलो.”

हे उत्तर आधी कोणी दिलं होतं, ते आता सगळ्यांना आठवलं. वडिलांनाही आठवलं. ते तसेच ओल्या कपड्यांनी उठले, धुरपदाबाईंसमोर गेले आणि गुडघे टेकून त्यांच्या सोललेल्या हातांवर कपाळ टेकलं. “माय, मला क्षमा कर. कृपा हा शब्द मी इतकी वर्षं भिंतीवर वाचला. आज तो माझ्या काखेत बसला.”

धुरपदाबाई घाबरून मागे सरल्या. “माझ्या पाया नका पडू, वडील! म्या बी तुमच्यावानीच वढलेली हाय.”

“मग तिघं मिळून त्याच्यापुढे टेकू या,” बाबा म्हणाले. आणि वडील, धुरपदाबाई आणि बाबा तिघंही एका ओळीत जमिनीला कपाळ टेकून बसले. सगळी मंडळी त्यांच्यामागे वाकली.

हौसा मात्र वाकली नव्हती. ती विहिरीपाशी होती. खांबाला बांधलेला नाडा तिनं पुन्हा हळूहळू आत सोडला होता आणि ती खाली टक लावून पाहत होती.

“बाबा!” ती किंचाळली. “इकडं या! लवकर या!”

सगळे धावले. फास मध्येच लोंबकळत होता. खाली दीड पुरुष अंतर, आणि मग पाणी. जसं मघाशी, तसंच आता. पाण्याच्या वरची शेवाळाची रेघसुद्धा जागची हलली नव्हती.

“म्हंजे नाडा लांब झाला व्हता?” एकानं विचारलं. “का पाणी वर आलं व्हतं?” दुसऱ्यानं विचारलं. लगेच वाद सुरू झाला. अमृतबाबांनी हात वर केला.

“नाडा काही लांबला नसेल रे, आणि पाणीही वर आलं नसेल. धुरपदाबाईनं होतं तेवढं सोडलं, आणि मधल्या अंतरात प्रभू स्वतः वाकला. त्याची रीतच ती. आपण त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतो, म्हणून तो माणूस होऊन खाली आला. वधस्तंभापर्यंत आला. आपला दोर कुणाचाच पुरत नाही. माझाही नाही.”

मग वडील स्वतः उठले. म्हणाले, “फेटे सोडा रे. आता सावकाश, नीट गाठी मारा. नाड्याला जोडू, मोट सोडू आणि हौद काठोकाठ भरू. धुरपदाबाईंना आणखी कसला प्रश्न विचारायचा नाही. पाण्यात मी त्यांच्या शेजारी उभा राहीन.”

मोट वर आली. पहिलं पाणी खळाळत हौदात पडलं. धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि मागे वळून पाहिलं. “हौसे! आगं हौसे! कुठं गेली ही पोर?”

हौसा तिथे नव्हतीच. पाणी पडल्याचा आवाज ऐकला आणि ती गावाकडे पळत सुटली होती. अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून, दोराचं टोक धरून पळायची तशी, पण आता हातात टोक नव्हतं आणि थांबवणारं अंगणही नव्हतं. वेशीतलं पहिलंच दार तिनं दोन्ही हातांनी बडवलं. दार उघडलं. धापा टाकताना तिला वाक्य काही जुळवता येईना. तिनं दोन्ही हात पसरले आणि ती ओरडली, “पुरला! चला, समदे चला! दोर पुरला!”

आणि ती पुढच्या दाराकडे पळाली.