कमरेमागचं लिंबू

"म्हणजे आता खांद्याची मेहनत सोडूनच द्यायची का, वस्ताद?"

यशपाल तालमीच्या दारात उभा होता. उभा कसला, दाराला टेकवून ठेवला होता म्हणा. जिममध्ये वजनं लावलेली सळी डोक्यावर नेताना कंबर अशी धरली, की तेव्हापासून बुटाची नाडी बायको बांधून देई. डॉक्टर म्हणाले होते, हलकं करा, बसून करा. पण 'हलकं' हा शब्द या गड्याच्या कानात शिरतोय कुठं?

गणपा वस्ताद आखाड्याच्या मातीत लिंबं पिळत होते. माती मऊ राहावी म्हणून तालमीत ताक, तेल, लिंबू घालतात. त्यांनी मान वर केली नाही.

"किती उचलत होतास?"

"ऐंशी किलो. उभ्यानं. डोक्यावर."

"कशानं रं?"

"खांद्यानं! आणखी कशानं?"

"हं..."

वस्तादांनी एक लिंबू न कापता बाजूला काढलं.

"ये. ओट्यावर बस. भिंतीला पाठ लाव."

यशपाल कण्हत बसला. त्याची कंबर आणि भिंत यांच्यामध्ये वस्तादांनी ते लिंबू अडकवलं.

"हे पडू द्यायचं न्हाई. आता त्यातला एक लाकडी मुद्गल घे आणि डोक्यावर ने. कुठला घ्यायचा तो तूच घे."

यशपालनं सगळ्यात दांडगा उचलला. तो छातीशी आला, छाती फुगली, कंबर कमानीसारखी वाकली... लिंबू टप्. कळ पार मांडीत उतरली.

"ऐंशी किलोवाला लिंबानं चितपट!" वस्ताद टाळी वाजवून हसले. कोपऱ्यात दंड मारणारे दोघं तसेच मातीत आडवे होऊन हसू लागले.

यशपालचा चेहरा उतरला.

"हसा, वस्ताद. खांदे गेले तर गावात मला ओळखणार कोण?"

वस्तादांचं हसू थांबलं. त्यांनी लिंबू परत जागेवर ठेवलं आणि एक लहानसा मुद्गल त्याच्या एका हातात दिला. शेंदरी रंगाचा, खेळण्यातला वाटावा असा.

"हा?"

"हाच. पोट आत. आणि सावकाश. वरात चाललीय समज."

हात वर निघाला. अर्ध्यावर जड झाला. यशपालनं डोळे मिटले, कळ येईल म्हणून वाट बघितली...

आली नाही.

लिंबू जागेवर होतं.

"वस्ताद! खांदा पेटला की हो!"

"झाली म्हणायची खांद्याची वळख."

यशपाल लहान पोरासारखा हसला. कितीतरी दिवसांनी. मग दुसरा हात. मग पुन्हा पहिला. शेवटी मुद्गल खाली ठेवताना त्याची नजर हळूच त्या दांडग्याकडं गेली. खोड ती खोड.

"वस्ताद... आणि तो कधी उचलू?"

वस्तादांनी लिंबू काढलं, धोतराला पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मला काय विचारतोस? ह्याला विचार."