आरशातला गडी

फार जुनी गोष्ट आहे. जत्रेहून परतताना कुणीतरी चिंचेच्या फांदीला आरसा अडकवला आणि तो तिथेच विसरला. त्याच चिंचेच्या ढोलीत एक दयाळ पक्षी बायको-पिल्लांसह राहत होता.

दयाळाला आरशात दुसरा दयाळ दिसला. याने चोच मारली, त्यानेही मारली. खेळ रंगला. पहिल्या दिवशी मजा आली. आठवड्याने चोच सुजली, डोळे चुरचुरू लागले, गाणंही बंद पडलं. तरी तो हटेना.

"अहो, पिल्लं भुकेली आहेत. मी एकटी किती अळ्या आणू?" बायको म्हणाली.

"आत्ता थांबलो तर तो पुढे जाईल गं!"

शेजारी शिंपीण पक्षीण पान शिवत होती. ती हसली. "भावोजी, तुमचा गडी जेवतो कधी?"

"तो कुठला जेवतोय! बघावं तेव्हा इथेच असतो."

"आणि तुम्ही नसता तेव्हा? मी रोज बघते. तुम्ही पाण्यावर गेलात की आरशात नुसतं आभाळ असतं."

दयाळाने आरशाकडे पाठ फिरवली. मग ओढ्यावर जाऊन त्याने अंघोळ केली, पिल्लांना भरवलं आणि दुपारभर सावलीत डोळे मिटून बसला. संध्याकाळी तो घाबरत घाबरत आरशापाशी आला. समोरचा गडी पुढे गेला नव्हता. त्याचीही पिसं स्वच्छ होती, डोळे निवले होते.

दोघांनी दोन-चार चोची मारल्या. तेवढ्यात ढोलीतून धाकटं पिल्लू ओरडलं, "बाबा, गाणं!"

दोघंही एकदमच उडाले.