महाराज लढाईत कुठं असतील?

नदीकाठच्या एका संस्थानाचे राजे रणधीरराव फार मानी. पलीकडचे राजे लग्नाच्या पंगतीत हसत म्हणाले, "रणधीरराव होय? ते लढाईत सगळ्यांच्या मागे!" झालं! महाराजांनी युद्धच पुकारलं आणि काठावरच्या गावांना घरटी एक माणूस धाडायचं फर्मान सुटलं.

काठावरच्या पांगरी गावच्या गोजराबाई पाटलीणबाईंनीही ते ऐकलं. त्यांचा मुलगा अलीकडे, जावई पलीकडे. दोघं एकमेकांवर तलवार उपसणार. त्या तडक दरबारात गेल्या.

"महाराज, आमची पोरं तुमच्या अब्रूसाठी मरतील. पण लढाईत आपण कुठं असाल, तेवढं कळू द्या."

महाराजांनी मिशीला पीळ भरला. "आम्ही मागच्या टेकडीवर, छत्राखाली! राजाचा जीव जपायला नको?"

"मग पलीकडचे राजे दुसरं काय म्हणाले?" गोजराबाईंनी विचारलं. "आज ही गोष्ट एका पंगतीनं नुसती ऐकली आहे. लढाई झाली, की दोन फौजा ती डोळ्यांनी बघतील."

सेनापतींना ठसका लागला. सरदार मिशीतल्या मिशीत हसू दाबू लागले.

दुसऱ्या दिवशी गावोगाव दवंडी फिरली: "ऐका हो ऐका! थोर मनाच्या महाराजांनी शेजाऱ्यांना क्षमा केली आहे!"