शूर्पारक बंदरातला फुटका कोष

कार्तिक वद्य तृतीया. आकाश निरभ्र, वारा ईशान्येचा, समुद्र शांत. जहाजे सुटायला याहून चांगला दिवस नसतो. शूर्पारक बंदरावर तेव्हा रुद्रकेतू राजाचा अंमल होता, आणि बोधिसत्त्व त्या जन्मात तिथल्या जकातघराचा पारखी होता. त्याचे नाव सोमिल. बाहेर जाणारा माल हातात घेऊन तो काय आहे ते सांगायचे आणि गाठोड्यावरच्या ओल्या मातीत मुद्रा उमटवायची, हे त्याचे काम. तो जे सांगे त्याप्रमाणे जकात पडे.

त्या सकाळी डोंगरातल्या बायका कोषांची गाठोडी घेऊन आल्या. त्यांची पुढारी भद्रिका. या बायका ऐनाच्या झाडांवरचे रेशमाचे कोष गोळा करीत, पण पाखरू कोष फोडून उडून गेल्यावरच. आत जीव असताना कोष उकळणे त्यांच्या कुळात निषिद्ध होते. अशा फुटक्या कोषातून सलग धागा निघत नाही. तो पिंजावा लागतो आणि त्याचे जाडेभरडे सूत होते. बंदरावर या मालाला चोथा म्हणत. रेशमावर पाचवा हिस्सा जकात होती, चोथ्यावर विसावा. उरलेला माल समुद्रापलीकडच्या यवनांच्या जहाजाला विकून बायका वर्षाचे मीठ आणि कोयते घेऊन डोंगरात परत जात.

सोमिल पहिले गाठोडे सोडत होता, तेवढ्यात अमात्य शंकुक तिथे आला. राजाला नव्या युद्धनौका हव्या होत्या आणि त्यासाठी धन उभे करायचे काम त्याच्याकडे होते.

"सोमिल, आजपासून हे रेशीम," अमात्य म्हणाला. "किडा तोच, पान तेच. मग चोथा कसला? पाचवा हिस्सा काढून घे."

भद्रिका पुढे झाली. "दादा, पाचवा हिस्सा गेला तर आम्ही मिठावाचून राहू, ते एक वेळ चालेल. पण फुटका आणि अख्खा एकाच जकातीत जाणार असेल, तर कोष फुटायची वाट कोण बघेल? उद्या आमच्याच सुना कढईखाली जाळ घालतील. मी किती जणींचे हात धरू?"

 सोमिलाने राखेचे पाणी उकळायला ठेवले. गाठोड्यातला एक कोष त्यात टाकला आणि काडीने ढवळून टोक पकडले. वीतभर धागा आला आणि तुटला. दुसरे टोक पकडले, तेही तुटले.

"हा उलगडत नाही," तो म्हणाला. "हा चोथा आहे."

अमात्य हसला. त्याने स्वतः गाठोड्यात हात घातला, चाचपून एक कोष काढला आणि पाण्यात टाकला. या वेळी धागा येतच राहिला. "आता काय म्हणतोस, पारखी? की डोळे घरीच ठेवून आलास?"

सोमिलाने तो कोष नीट पाहिला. त्याला छिद्र नव्हते. "हे रेशीम आहे," तो म्हणाला. "याचा पाचवा हिस्सा पडेल."

भद्रिकेचा चेहरा उतरला. "दादा, तुम्हीपण?"

"ताई, हा गाठोड्यात आला कसा?"

"फुटक्यांबरोबर कधी आतच जीव मेलेला कोषही घरी येतो, तो आम्ही घरात ठेवत नाही. जो पहिला हाताला येईल त्या गाठोड्यात घालून घराबाहेर काढतो. त्याचाही धागा निघतो हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही कधी उकळलाच नाही."

"मग तेवढे वेगळे काढा," सोमिल म्हणाला.

बायका अंगणात बसल्या. एकेक कोष कानाशी नेऊन त्या हलवून पाहू लागल्या. ज्यात मेलेला किडा असे तो खुळखुळे, आणि फुटका मुका राही. खुळखुळणारे त्या सुपात टाकत गेल्या. अमात्याला हे पाहवेना.

"एक रेशमाचा सापडला म्हणजे सगळे गाठोडे रेशमाचे. मुद्रा उमटव."

"सुपात आहे ते रेशीम आहे, अमात्य. बाकीचे नाही."

"राजाज्ञा आहे."

"राजाने चोथ्यावर पाचवा हिस्सा बसवावा. व्यापाऱ्यांच्या श्रेणीला विचारावे, नगरात दवंडी पिटावी. मग मी तो याच हाताने वसूल करीन. किती घ्यायचे ते राजा ठरवतो. हे काय आहे ते राजा ठरवत नाही."

दर वाढवायला व्यापाऱ्यांच्या श्रेणीची संमती लागे आणि ती मिळणार नाही, हे अमात्याला माहीत होते. म्हणून तर तो जकातघरात आला होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझे पद जाईल. या वयात कुठे जाशील?"

सोमिलाने ओली माती घेतली, निवडून झालेल्या गाठोड्यांवर थापली आणि त्याच्यासमोर एकेकावर चोथ्याची मुद्रा उमटवली. सुपातल्या कोषांवर रेशमाची उमटवली. मग तो आपण होऊन अमात्याच्या शिपायांबरोबर राजाकडे गेला.

राजा चिडलेला नव्हता. तो म्हणाला, "एक शब्द बदलायचा, त्यात तुझे काय जाते?"

"महाराज, माझ्या शब्दावर परदेशातला माणूस गाठोडे न सोडता विकत घेतो. आणि त्याच शब्दावर डोंगरातले जीव कोष फोडून उडून जातात. पद आपले आहे, ते काढून घ्या. ही मुद्राही घ्या. गाठोड्यांवर उमटली आहे ती मी पुसणार नाही."

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, आपल्या संघाला त्या वेळचे कोण आज कोण आहेत ते सांगितले. अमात्य शंकुक म्हणजे समोर बसलेला भिक्षू कुंडधान्य. राजा म्हणजे विहाराला जागा देणारा उपासक मेघिल. भद्रिका म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी वारणा. "आणि जकातघरातला पारखी मी होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली."

त्या जन्मी, राजापुढे उभा राहिला त्याच दिवशी, सोमिलाची मुद्रा काढून घेतली गेली आणि सूर्यास्तापूर्वी त्याला नगराबाहेर घालवले गेले. त्याला पुन्हा बोलावले नाही. जहाज त्याच दिवशी ओहोटीबरोबर सुटले. गाठोडी चोथा म्हणून गेली, सुपातले कोष रेशीम म्हणून. पुढल्या वर्षी अमात्याने दरवाढ श्रेणीपुढे ठेवली आणि श्रेणीने ती नाकारली. चोथ्यावर विसावा हिस्सा कायम राहिला.