शिळेवरचे ‘आपण’

“‘आपण’ म्हणजे कोण?” विश्वंभरबाबांनी विचारले.

“दाता आणि त्याचे कुटुंब,” शार्ङ्गधरशास्त्री उत्तरले. “निर्णयपत्रात मी ते सप्रमाण मांडले आहे. आता केवळ आपल्या मुद्रेची प्रतीक्षा आहे.”

वाद विहिरीचा होता. पाच पिढ्यांपूर्वी खासनीस घराण्यातील एका गृहस्थाने गावाबाहेर, हमरस्त्यालगत विहीर बांधली आणि तिच्या काठावर शिळा बसविली. शिळेवर एकच ओळ होती : ‘हे पाणी आपण सर्वांनी भरावे.’

हल्लीच्या खासनिसांना विहिरीभोवती भिंत घालून दार बसवावयाचे होते. कुंभारवाडीचा झरा त्या वर्षी आटला होता. विहीर बंद झाली, तर वाडीतील चाळीस घरांना आपली चाके उचलून अन्यत्र जाणे भाग होते. उभय पक्षांनी शास्त्रीबुवांना पंच नेमले होते. त्यांच्या निर्णयावर त्यांच्या गुरूंची, म्हणजे विश्वंभरबाबांची, मुद्रा उमटावी, एवढीच अट होती.

कुंभारवाडीची कोंडाई बाबांच्या मठाच्या ओट्याखाली बसली होती. निकाल ऐकून ये, आणि तो बरा लागला तर येताना पाणी भरूनच ये, असे सांगून वाडीने तिला रिकाम्या घागरीसह धाडले होते.

“सूत्र सांग,” बाबा म्हणाले.

“वक्ता आणि श्रोता मिळून ‘आपण’. श्रोता वगळून ‘आम्ही’.”

“ठीक. येथे वक्ता कोण?”

“विहीर बांधणारा.”

“श्रोता?”

“त्याचे बंधू व पुत्र. शिळा बसविताना तेच उपस्थित होते, असे खासनिसांच्या दप्तरात नमूद आहे. म्हणून ‘आपण सर्वांनी’ म्हणजे खासनीस कुळातील सर्वांनी. यात व्याकरणाचा एकही दोष नाही.”

“नाही,” बाबांनी मान्य केले. “एकही नाही.”

शास्त्रीबुवांनी मुद्रेची पेटी पुढे सरकविली. बाबांनी ती उघडली नाही.

“मघाशी तू ‘आपल्या मुद्रेची’ असे म्हणालास. ती मुद्रा तुझीही आहे काय?”

“छे. तो प्रयोग आदरार्थी होता.”

“शब्द तर तोच आहे. मी हे कशावरून ओळखावे?”

“मुद्रा कोणाची, हे आपणां उभयतांस ठाऊक आहे. त्यावरून.”

“म्हणजे व्याकरणावरून नव्हे...”

शास्त्रीबुवांनी उपरणे सावरले.

बाबांनी निर्णयपत्र बाजूस ठेवले. “या बाईस अक्षरओळख नाही. शिळेवरील ओळ तिला वाचून दाखव.”

“तिला? ती ओळ तिला उद्देशून नाही, हेच तर माझे प्रतिपादन आहे.”

“असेल. वाच.”

शास्त्रीबुवा ओट्याच्या कडेशी गेले. शिळेवरील ओळीची नक्कल डोळ्यांसमोर धरून त्यांनी शुद्ध व स्पष्ट उच्चारात वाचले, “हे पाणी आपण सर्वांनी भरावे.”

कोंडाईने मान वर केली. तिने त्यांच्या उपरण्याकडे पाहिले, मग पायांतील खडावांकडे.

“तुमीबी येनार व्हय, शास्त्रीबाबा?”

“मी? मी कशासाठी?”

“तुमीच म्हनलासा न्हवं, आपन सर्वांनी. या की. पर त्या खडावा काढून ठिवा. काठ लई निसरडा हाय. आन् पंच असलासा तरी बारी आल्याबिगर भरू द्यायच्या न्हाईत बाया.”

बाबांचा हात दाढीवरून फिरला.

“बाई, ते मी म्हणालो नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मी केवळ वाचले. ज्याने लिहिले, तो आपल्या घरच्या माणसांशी बोलत होता.”

“मंग घरात बोलायचं. हमरस्त्यावर धोंडा कशापायी रवला?”

“टिकावा म्हणून.”

“घरात धोंडा टिकत न्हाई?”

“तुला समजावयाचे नाही. त्याने घरच्यांपुरतेच पाणी राखले होते.”

“राखायचं आसंल तर मानूस ‘आमी’ म्हनतंय. खासनिसांची धाकली सून रोज म्हनती की. ‘आमी आदी भरनार, तुमी सरा तिकडं.’ ‘आपन’ म्हनून कुनी कुनाला हाकलतंय व्हय? म्या तरी न्हाई ऐकलं.”

शास्त्रीबुवांनी नक्कल पुन्हा एकदा पाहिली. ओळ पाच शब्दांची होती. ती वाचावयास जेवढा वेळ लागतो, त्याहून पुष्कळ अधिक वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले.

...

“बाई,” बाबा म्हणाले, “ऊन चढते आहे. जा, घागर भरून घरी जा.”

“कुनी आडवलं तर, बाबाजी?”

“सांग, शास्त्रीबुवांनी स्वतः वाचून दाखविले.”

कोंडाईने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घागर घेऊन ती निघाली. फाटकाशी थांबून तिने एकवार मागे पाहिले. शास्त्रीबुवांनी तिला परत बोलाविले नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर ते गुरूंसमोर येऊन बसले. निर्णयपत्राची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा मिटली.

“हे मला पुन्हा लिहावे लागेल.”

“लिही.”

“परंतु प्रमाण कोणते देऊ? खासनिसांचा वकील शास्त्राधार मागेल. एका कुंभारणीने असे सांगितले, असे मी लिहू काय? तिने व्याकरणाचे एक अक्षरही ऐकलेले नाही. आणि मी येथे बारा वर्षे ते शिकलो... आपल्याकडून.”

बाबांनी मुद्रेची पेटी उचलली आणि कोनाड्यात ठेवली. मग कोंडाई गेली त्या वाटेकडे पाहत ते म्हणाले,

“मी ते कोणाकडून शिकलो, हे तू बारा वर्षांत एकदाही विचारले नाहीस.”