पाण्याचे अक्षर

"पण माझं चुकलं काय?" पेइलिनने विचारले.

अंगणातल्या काळ्या फरशीवर पेइलिनने नुकतेच अक्षर काढले होते, त्याकडे आचार्य वेइतुंग बघत बसले होते.

डोंगरावरच्या त्या चिनी मठाची रीत अशी, की शिष्याने कुंचला पाण्यात बुडवून आधी फरशीवर लिहायचे. आचार्यांच्या मनास आले, तरच शाई आणि कागद. पेइलिन शहरातल्या लेखनशाळेत पहिला आलेला. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि ही गोष्ट त्याला जरा जास्तच माहीत होती.

आज त्याला शाई हवीच होती. मठाच्या फाटकावर नवी पाटी लागायची होती. तिच्यावर एकच अक्षर, ‘परत येणे’ या अर्थाचे. एक मोठी चौकट, तिच्या पोटात एक छोटी चौकट. संपले.

"आचार्य, रेघ वाकडी आलीय?"

"नाही."

"छोटी चौकट मध्यावर नाही?"

"आहे. सुंदर आहे."

"मग शाई द्या."

"मोठी चौकट आधीच बंद केलीस. आतलं मागून कोंबलंस."

पेइलिन हसला. "‘आधी माणसं आत घ्या, मग दार लावा.’ खालची रेघ शेवटी. हे तर शेंबड्या पोरांना शिकवतात, आचार्य! पण चौकट आधी पुरी केली, की आतलं नेमकं बसतं. आणि लिहून झाल्यावर कुठली रेघ आधीची ते कुणाला कळतंय?"

"थांब थोडा."

ऊन चढले होते, फरशी तापली होती. जी रेघ आधी ओढलेली, ती आधी सुकू लागली. मोठ्या चौकटीच्या चारही बाजू गेल्या. छोटी चौकट तेवढी उघड्यावर राहिली. मग तीही गेली.

पेइलिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पाटी काही पाण्यानं लिहायची नाहीये," तो म्हणाला.

"एवढी घाई कसली?"

पेइलिनने फाटकाकडे नजर टाकली.

"पेइलिन?"

"वडील आलेत."

"कधी?"

"सकाळी. फाटकाबाहेर बसलेत."

"उन्हात?"

पेइलिनने मान खाली घातली, पण बोलला मात्र तडफेने. "जन्मभर मिठाची पोती वाहिली त्यांनी. मी घर सोडलं, तेव्हा अख्ख्या गावासमोर म्हणाले, रेघोट्या ओढून कुणाचं पोट भरलंय? म्हणून म्हटलं, बसू देत जरा. पाटी लागली, की माझ्या अक्षराखालूनच त्यांना आत आणीन. एकदा मान वर करून बघू देत."

"ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले... खेचरांचा तांडा दुपारी खाली उतरतो. तोवर बसतो म्हणाले."

आचार्यांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि त्याच फरशीवर तेच अक्षर काढायला घेतले. डावीकडची रेघ. मग वरची आणि उजवी, एका दमात. मग आतली छोटी चौकट. आणि ते थांबले. खालची रेघ काढलीच नाही. कुंचला त्यांनी पेइलिनपुढे धरला.

पेइलिनने तो घेतला. फरशीवर टेकवला मात्र नाही.

फाटकाकडून खेचरांच्या घंटा वाजल्या. तांडा निघाला होता.

पेइलिन पळत सुटला. कुंचला हातातच राहिला.

बराच वेळ कुणी आले नाही. घंटा उतारावर लांब लांब गेल्या... मग अंगणात दोन माणसे आली. म्हातारा एका खांद्याने खाली झुकलेला. त्याचा हात पेइलिनने घट्ट धरला होता.

"कुठाय रे तुझं अक्षर?" म्हाताऱ्याने विचारले.

पेइलिनने फरशीकडे पाहिले. फरशी कोरडी होती.

"सुकलं, बाबा."

"असू दे. मला कुठं वाचता येतंय!" म्हाताऱ्याने लेकाच्या हातातला कुंचला घेतला, तळहातावर तोलून बघितला. "हलका आहे की रे. बरं झालं."

पेइलिनला रडू आले. ते त्याने लपवले नाही.

म्हातारा फरशीशेजारी बसला. घसा कोरडा पडलेला. समोर कुंचला बुडवायची वाटी होती. ती उचलून त्याने सगळे पाणी घटाघटा पिऊन टाकले आणि रिकामी वाटी आचार्यांपुढे ठेवली.

"पाणी गोड आहे तुमच्याकडचं," तो म्हणाला.

फाटक मागे सताड उघडेच राहिले होते. वाऱ्याने धूळ आत येत होती.

"पेइलिन," आचार्य म्हणाले, "आता दार लाव."